सीझनमध्ये फोन घरात ठेवा, बागेत या

एप्रिल-मे म्हणजे हापूसवाल्या घरांची परीक्षा. रत्नागिरी, राजापूर, देवगड, कुठेही जा, रिकामं बसलेलं कोणी दिसणार नाही. पण खरं सांगू? बरीच माणसं बागेत असून नसतात. हात पेटी भरतायत आणि डोळे मोबाइलमध्ये. "दादा, पाच डझनची पेटी केवढ्याला?" याचं उत्तर टाइप होतंय.

मग ऑर्डरी सोडायच्या का? अजिबात नाही. पण हिशोब करा. दिवसाला 40 फोन, प्रत्येकी 4 मिनिटं, झाली 160 मिनिटं. अडीच तासांच्या वर! तेही सलग नाही, तुकड्या-तुकड्यांत. आणि हे तुकडे जातात प्रतवारीतून. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो. कोवळं फळ अढीत सुरकुततं. झेल्यातून निसटून आपटलेला आंबा वरून धड दिसतो, दोन दिवसांनी सडतो आणि शेजारच्यालाही नासवतो. साका तर कापल्याशिवाय कळतच नाही, तिथे इलाज नाही. पण जे दिसतं ते तरी बघा! व्यापारी भाव पाडून मोकळा होतो. थेट ग्राहक काहीच बोलत नाही, फक्त पुढच्या वर्षी फोन करत नाही. 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं, पण पेटीत काय भरलं हे तुम्हालाच बघायचंय.

माझ्या मते याहून मोठा तोटा वेगळाच आहे. कुठला आंबा तयार आणि कुठला अजून आठ दिवस ठेवायचा, हे तुमच्या बाबांना झाडाखाली उभं राहून कळतं. देठाजवळचे खांदे भरले का, हिरवा रंग किती उतरला, हे त्यांच्या शेजारी उभं राहूनच शिकायचं असतं, आणि त्यासाठी वर्षातले जेमतेम दोन-अडीच महिने मिळतात. बाबा सत्तरीला आले असतील तर असे किती सीझन हातात आहेत, मोजा. हा तोटा कुठल्याच वहीत लिहिला जात नाही.

म्हणून सकाळची तोड होईपर्यंत ऑर्डरचा फोन घरात. (गडी झाडावर असतो, त्यामुळे अडीनडीला एकाच्या खिशात साधा फोन हवाच.) ऑर्डरी दुपारी 2 ते 3 आणि रात्री 8 ते 9. साइज, डझन, दर, डिलिव्हरीचा वार हे सगळं एकाच मेसेजमध्ये पाडव्याआधी तयार ठेवा. व्हॉट्सॲप बिझनेसवर तो आपोआप जातो. आणि हो, फोन वहिनींच्या गळ्यात मारू नका, त्या आधीच चूल आणि अढी दोन्ही सांभाळतायत.

तासाभरात उत्तर हवं असलेलं गिऱ्हाईक जाईल, जाऊ द्या. तुमचाच आंबा हवा असलेला रात्रीपर्यंत थांबतो.

अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात मात्र हे वेळापत्रक कोलमडतंच. तेवढ्यापुरता फोनला एक माणूस पगारावर ठेवा. परीक्षा संपलेला कॉलेजचा पोरगा गावातच मिळतो.