‘काय डोकं आहे!’ म्हणण्याआधी



आपल्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं होतात, मागचं आवरून होतं, आणि मग रात्र मोठी असते. त्या मोठ्या रात्रीत आपण काय बघतो ते एकमेकींना ठाऊक आहे, कारण सकाळी दर्शन झाल्यावर मंदिराच्या पायरीवर चर्चा त्याचीच असते. परवा एक जण म्हणाली, “काही म्हणा काकू, पण त्या डॉक्टरचं डोकं काय चालतं!” आम्ही चार-पाच जणी हसलो. मीही हसले. घरी आल्यावर मात्र ते हसणं मला टोचत राहिलं, म्हणून हे लिहिते आहे. कुणाला राग आला तर येऊ दे.

तो डॉक्टर म्हणजे ‘देवमाणूस’मधला अजितकुमार देव. झी मराठीवर २०२० च्या ऑगस्टअखेरीस, आपलं दशलक्षण पर्व संपता संपता ही मालिका सुरू झाली. लॉकडाऊनचे दिवस होते, सगळं घर एकत्र बसून बघत होतं. पुढे तिची आणखी पर्वंही आली. वाईजवळच्या धोम इथलं २०१६ साली उघडकीस आलेलं प्रकरण त्यामागे आहे, असं तेव्हापासून बोललं गेलं. अंगणवाडीत काम करणाऱ्या एक बाई बेपत्ता झाल्या, त्यांचा शोध घेताना एकूण सहा खुनांचा आरोप डॉक्टर म्हणवणाऱ्या एका माणसावर आला. त्यातले आधीचे लोक तर २००३ पासून एकेक करून नाहीसे झाले होते. तेरा वर्षं! मोठं गाव नाही, सगळे एकमेकांना ओळखणारे, तरी तेरा वर्षं.

माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. मालिकेतला तो खोटा डॉक्टर इतके दिवस टिकतो कशावर? त्याच्या हुशारीवर, असं आपण म्हणतो. मी म्हणते, गावाच्या कौतुकावर. त्याला ‘देवमाणूस’ हे नाव गावानं दिलेलं आहे. ते एकदा दिलं की त्याला प्रश्न विचारणारा माणूसच वेडा ठरतो. आणि तोही त्या नावाचा इतका भुकेला होतो, की नावाला डाग लागेल म्हणून पुढचा गुन्हा करतो. पहिला गुन्हा लोभाचा असेल, पण त्यानंतरचे बरेचसे मानाचे असतात.

आपल्याला क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय लहानपणी पाठशाळेत शिकवले. मालिका बघताना आपल्याला फक्त लोभ दिसतो, आणि फार तर माया, म्हणजे कपट. मान दिसत नाही. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी आठ मद सांगितले आहेत: ज्ञान, पूजा, कुल, जाती, बल, ऋद्धी, तप आणि रूप. त्यातला दुसरा बघा. पूजेचा मद, म्हणजे लोक मला मानतात याचा मद. हा एकच मद असा आहे की तो एकट्याला करताच येत नाही. मानणारे लोक लागतात. ते लोक म्हणजे आपण.

मराठीत हे नवीन नाही. आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली रंगभूमीवर आलं. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे वेगवेगळी नावं आणि वेष घेऊन बायकांना फसवतो, आणि कोर्टात स्वतःची बाजू स्वतःच मांडतो. आपल्यापेक्षा शहाणा वकील जगात नाही हा त्याचा माज. प्रभाकर पणशीकरांनी ती भूमिका अशी केली की लोक लखोबाला टाळ्या देत. पणशीकरांना टाळ्या द्यायलाच हव्या होत्या. पण नाटकाहून घरी येणाऱ्यांच्या तोंडी लखोबाचंच कौतुक असे. फसलेल्या त्या बायकांपैकी एकीचं तरी नाव तुम्हाला आठवतं का? मला आठवत नाही. माझीही तीच चूक.

आता परिपूर्णतेबद्दल. अशा गोष्टीतला गुन्हेगार नेहमी नीटनेटका असतो. कपडे स्वच्छ, बोलणं गोड, हिशेब चोख, कुठे खूण म्हणून ठेवत नाही. याचंच आपल्याला अप्रूप. आपल्याच शास्त्रातल्या दोन गोष्टी आठवून बघा. रत्नकरंडाच्या स्वाध्यायात पाच पापांची उदाहरणं येतात. चोरीचं उदाहरण आहे कौशांबीच्या तापसाचं. परक्याच्या जमिनीला आपला स्पर्श होऊ नये म्हणून तो झाडाला शिंकं बांधून त्यात लटकून बसायचा. केवढी ती बारीक अचौर्याची काळजी! आणि रात्री गावात चोऱ्या करायचा.

असत्याचं उदाहरण सत्यघोषाचं. मूळ नाव श्रीभूती, सिंहपूरच्या राजाचा पुरोहित. जानव्याला सुरी बांधून हिंडायचा, चुकून खोटं बोललो तर जीभ कापून टाकीन म्हणायचा. लोकांनी त्याला सत्यघोष नाव दिलं. एका व्यापाऱ्यानं त्याच्याकडे पाच रत्नं ठेवायला दिली आणि तो परदेशी गेला. येताना जहाज बुडालं. कंगाल होऊन परत आला, रत्नं मागितली, तर सत्यघोष लोकांना म्हणाला, धन बुडाल्यानं याचं डोकं फिरलं आहे. लोकांनी विश्वास कुणावर ठेवला असेल ते सांगायला नको. तो बिचारा सहा महिने रोज रात्री राजवाड्याजवळच्या झाडावर चढून ओरडायचा.

त्याचं ओरडणं सगळं गाव ऐकत होतं. पण ते नीट ऐकलं एकट्या रामदत्ता राणीनं. ती म्हणाली, वेडा माणूस रोज वेगळं बोलतो, हा रोज तेच बोलतो, म्हणजे हा वेडा नाही. मग तिनं सत्यघोषाला द्यूत खेळायला बसवलं, त्याची अंगठी जिंकली, सुरीसकट जानवं जिंकलं, खूण म्हणून ते त्याच्या बायकोकडे पाठवलं आणि रत्नं काढून आणली. ज्या सुरीवर त्याचा सगळा मान उभा होता, तीच त्याच्याविरुद्ध साक्ष झाली.

हे मी एवढं पोटतिडकीनं का सांगते? कारण सत्यघोष मी आमच्याच मंडळात पाहिला आहे, आणि त्या वेळी मी राणीच्या जागी नव्हते, गावाच्या जागी होते.

दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही बत्तीस जणींनी शिखरजीच्या यात्रेसाठी महिना पाचशे रुपये साठवायला घेतले. वही ज्यांच्याकडे होती त्या ताई म्हणजे नीटनेटकेपणाचा नमुना. उपवास, पूजा, रांगोळी, सगळ्यात पहिल्या. वहीत एक खाडाखोड नाही. आम्ही ती वही एकमेकींना दाखवायचो. आमच्यातल्या एक विधवा बाई, डाळिंबाच्या पट्टीवर घर चालवणाऱ्या, दोनदा म्हणाल्या, “एकदा पासबुक बघू या का?” दोन्ही वेळा आम्ही त्यांना गप्प केलं. मी म्हणाले, “पैशापायी माणसावर संशय घेऊ नये.” त्यांना मंडळात ‘शंकेखोर’ हे नाव पडलं. हळूहळू त्या यायच्या बंद झाल्या.

वीस महिन्यांनी तिकिटं काढायची वेळ आली. तीन लाख वीस हजार हवे होते. खात्यात निघाले एक लाख दहा हजार.

मी बी.कॉम. आहे हो! ऑडिटच्या पेपरला शिकले होते, की जी वही महिनोन्‌महिने भरली जाते तिच्यात शाई बदलते, हात बदलतो, एखादा आकडा खोडलेला असतो. जी वही एका बैठकीत, एका पेनानं लिहिल्यासारखी दिसते तिच्याकडे आधी बघावं. ती वही तशीच होती. दर थोड्या दिवसांनी त्या ती नव्यानं उतरवून काढत होत्या. मी अक्षराचं कौतुक करत बसले.

त्या ताई लोभी नव्हत्या, हे मी आजही म्हणेन. घरी अडचण आली, एका महिन्याचे पैसे वापरले. पहिल्याच महिन्यात येऊन सांगितलं असतं तर आम्ही वर्गणी काढून दिली असती. पण सांगणार कसं? आम्ही त्यांना चुकायला जागाच ठेवली नव्हती. पुढे त्यांच्या घरच्यांनी पैसे भरले, ते मिटलं. त्या विधवा बाईंचं मिटलं नाही. क्षमावणीला मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी पाणी दिलं, क्षमा केली, आणि म्हणाल्या, “पैशाचं काही नाही हो. मी वेडी ठरले ना, ते लागलं.”

म्हणून मला काही जणींचा “मालिका बघून कुणी खुनी होतं का?” हा प्रश्न अपुरा वाटतो. नाही होत. पण रोज रात्री अर्धा तास आपण कुणाच्या बाजूनं बघायचं याची सवय लागते. सफाईला भुलायची, आरडाओरडा करणारीला ‘डोक्यावर पडलेली’ म्हणायची सवय. आपल्या धर्मात कृत, कारित आणि अनुमोदित, तिन्हींनी कर्म बांधलं जातं. “काय डोकं आहे!” ही अनुमोदनाच आहे, आणि ती आपण नातवंडांसमोर करतो.

मालिका बंद करा असं मी सांगत नाही. माझ्या घरी होणार नाही ते तुमच्या घरी व्हावं असं कशाला म्हणू? पण तीन गोष्टी करा. बघताना मध्येच विचारा, आत्ता कुणाचं कुणी ऐकलं नाही? मंडळाचा हिशेब, मग तो कितीही चांगल्या बाईकडे असो, दर महिन्याला पासबुकासकट मोठ्यानं वाचा. त्यात अपमान कसला? उलट ती बाई वाचते. आणि कुणालाही देवमाणूस, देवबाई म्हणू नका, घरातल्या सुनेलाही नको. “माझी सून कधी चुकत नाही” हे कौतुक नाही, ओझं आहे. आपल्याकडे मुनीही रोज प्रतिक्रमण करतात, लागलेले दोष स्वतः आठवतात. मग आपल्याच पोरीबाळींनी बिनचूक असावं हा हट्ट कुठून आला?

आज रात्री टीव्ही लावाल तेव्हा एकदा रामदत्ता राणीच्या खिडकीत बसून बघा. झाडावरून कोण ओरडतंय ते आधी ऐका.

जय जिनेंद्र.