मान दुखते? आधी सीट बघा!

पावसाळा संपला की आमच्या ऑफिसात दोन-चार जण तरी नवीन सायकल घेतात. गिअरची, पातळ टायरची, चांगली महागातली. महिनाभर खडकवासला, सिंहगड पायथा वगैरे जोरात चालतं. मग एकेक गडी गळायला लागतो. कारण विचारलं तर ठरलेलं उत्तर, "मान धरते यार, खांदे भरून येतात." आणि सायकल पार्किंगमध्ये धूळ खात पडते.

यावर लोकांचे उपाय काय? बाम, जेलवाले हातमोजे, नाहीतर 'आता वय झालं' (वय वर्षं २९!). माझं मत विचाराल तर बिचाऱ्या मानेला उगाच बोल लावतात. शर्ट घेताना आपण कॉलरचं माप बघतो, सायकल मात्र रंग आणि गिअर बघून घेतो!

हिशोब सोपा आहे. डोक्याचं वजन साधारण ५ किलो. हँडल जितकं लांब आणि खाली, तितके आपण वाकणार, आणि रस्ता दिसायला मान तितकी वर उचलून धरणार. तासन् तास. आठवडाभर लॅपटॉपसमोर पुढे काढलेली मान ही!

आता गंमत म्हणजे मान दुखली की सगळे आधी हँडलला हात लावतात. सुरुवात सीटपासून करा. टाच पेडलवर ठेवा. पेडल सगळ्यात खाली असताना पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पेडल मारताना गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. सीट फार उंच असेल तर त्या मानाने हँडल खाली जातं. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर तुम्ही सतत पुढे घसरता आणि सगळा भार हातांवर येतो. मग खांदे भरून येणार नाहीत तर काय! सीट सपाट करा. आणि हँडल लांब पडतं म्हणून सीट पुढे ओढू नका, त्यानेही हातांवरचं वजन वाढतंच.

मग हँडल. लांब पडत असेल तर एक-दोन सेंटीमीटर आखूड स्टेम बसवून घ्या. खाली वाटत असेल तर बऱ्याच सायकलींत स्टेमवरच्या रिंगा खाली घेऊन ते वर येतं. हे काम मेकॅनिककडूनच करवा. चालवताना कोपरं थोडी सैल, वाकलेली हवीत. हेल्मेटला पुढे टोपीसारखी झडप असेल तर तीही काढून बघा. वाकल्यावर तिच्याखालून बघायला मान अजून ताणावी लागते.

बाकी नियम आपल्या धंद्यातलाच: एका वेळी एकच बदल. जुन्या जागी टेप लावून खूण करा, ५ मिलिमीटर हलवा, दोन-तीन चकरा मारा. सगळं एकदम बदललं तर बग कुठे होता ते कळणार कसं? हाताला मुंग्या येत असतील किंवा दुखणं हातात उतरत असेल तर मात्र सरळ डॉक्टर गाठा.

दुकानदारांबद्दल काय बोलावं! चपलेचे चार जोड घालून दाखवतात, पण एवढ्या महागाच्या सायकलची सीट 'कमरेएवढी' लावली की झालं. तेव्हा घेतानाच हक्काने वीस मिनिटं मागून घ्या. आणि घेऊन झाली असेल, तर विकायच्या आधी एक शनिवार आणि एक ॲलन की तिच्यावर खर्च करून बघा. पिझ्झापेक्षा स्वस्तात पडेल.