विडीचे थोटूक आणि पाचट



सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेट-तंबाखूवर 40 टक्के कर ठरवला, विडीचा मात्र 28 वरून 18 टक्क्यांवर आणण्याचे ठरले. राहात्याच्या टपरीवर आम्ही चर्चा ऐकली. सिगारेटवाला म्हणे, सरकारने लुटले. विडीवाला म्हणे, चला, गरिबाची आठवण तरी झाली. आम्हाला दोघांचेही पटले नाही.

विडीला सूट मागताना संगमनेर-सिन्नरच्या विडी वळणाऱ्या बायांचे नाव पुढे केले जाते. त्यांच्या पोटाचा प्रश्न खराच. पण कर उतरला म्हणून त्यांची हजारी मजुरी आपोआप वाढते का? आपल्या फडात नि बांधावर सिगारेट ओढतो कोण? सगळी विडीच. महाग झाली असती तर ज्याने दिवसाच्या चार विड्या कमी केल्या असत्या, त्यालाच ही सवलत.

बंदीचे म्हणाल, तर 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला देशभर मनाई आहे, दंड 200 रुपयांपर्यंत. गटऑफिसात बोर्ड लावलाय, अन् त्याच्याच खाली काडी पेटते. टोकले की शिर्डीकडे बोट दाखवून ऐकवतात, "साहेब, बाबासुद्धा चिलीम ओढत!" (बाबांचे बाकी काय घेतले, हे विचारायची सोय नाही.) 2012 साली राज्यात गुटखाबंदी आली, पुडी चोरून मिळतेच.

मात्र कारखान्याच्या बगॅस यार्डात कोणी काडी पेटवत नाही. ढीग पेटला तर काय होईल ते सगळ्यांना ठाऊक. बंदीला नावे ठेवणारा सभासदच तिथे दुसऱ्याच्या हातातली विडी काढून घेतो. मग स्वतःच्या शेतात पाचटावर बसून विडी कशी शिलगावता?

गेल्या हंगामात एका सभासदाचा तोडणीला आलेला ऊस जळाला. थोटकानेच, असे सगळे म्हणतात. पाहिले कुणी नाही. वजन घटले, वर जळीताची कपात बसली. नोंद करताना तो गृहस्थ आमच्यासमोर विडीच ओढत होता. आम्ही काही बोललो नाही. बोलायला हवे होते.

येत्या हंगामात तोडणी चालू असलेल्या फडात विडी-काडी बंद, असा ठराव आम्ही गटाच्या बैठकीत मांडणार आहोत. मुकादम, मजूर, मालक, सगळ्यांना सारखाच लागू. आमच्या ऊसविकास खात्यातलेही त्यातून सुटणार नाहीत; खिशात काडीपेटी बाळगणारे आमच्याकडेही आहेत.