विश्लेषण : राखीव पॅराशूटला कायदा, मुख्य पॅराशूटचा आकार मात्र मर्जीवर?

स्कायडायव्हिंग पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित झाले आहे. ‘युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन’च्या नोंदीनुसार १९७० च्या दशकात अमेरिकेत दरवर्षी सरासरी ४२ हून अधिक जणांचा या खेळात मृत्यू होत असे. २०२३ मध्ये सुमारे ३६.५ लाख उड्या झाल्या आणि मृत्यू १०. याचे बरेचसे श्रेय सुधारलेल्या साधनांना जाते. मात्र आजच्या अपघातांतील मोठा वाटा पॅराशूट न उघडल्यामुळे होत नाही. नीट उघडलेले पॅराशूट उतरताना चुकीचे हाताळल्यामुळे होतो. नियमांची नजर अजून तिकडे पुरेशी वळलेली नाही.

पाठीवर नेमके काय असते?

एकाच पिशवीत दोन पॅराशूट असतात : मुख्य आणि राखीव. मुख्य पॅराशूट बिघडले तर ते तोडून टाकायचे आणि राखीव उघडायचे. हे तोडणे एका ओढीत शक्य झाले ते अमेरिकेच्या बिल बूथ यांनी शोधलेल्या तीन कड्यांच्या रचनेमुळे. तिसरा पहारेकरी म्हणजे स्वयंचलित यंत्र. १९९१ मध्ये जर्मनीत आलेले ‘सायप्रेस’ हे त्यातले सर्वपरिचित. उडी मारणारा बेशुद्ध पडला किंवा उंचीचे भान हरपले, तर जमिनीपासून सुमारे ७५० फुटांवर, वेग अजूनही धोकादायक असल्यास, हे यंत्र राखीव पॅराशूट बंद ठेवणारा दोरा कापते.

राखीव पॅराशूटबाबत कायदा काय सांगतो?

अमेरिकेत राखीव पॅराशूटची घडी परवानाधारक ‘रिगर’च घालू शकतो. वापर झालेला असो वा नसो, कृत्रिम धाग्यांचे राखीव पॅराशूट दर १८० दिवसांनी उघडून, तपासून पुन्हा बांधावे लागते. २००८ पर्यंत ही मुदत १२० दिवस होती. रिगर सोबतच्या कार्डावर तारखेसह नोंद करतो आणि पिशवीला शिशाचे सील लावतो. सील तुटलेले असेल तर त्या पॅराशूटवर भरवसा ठेवायचा नाही, एवढा साधा हिशेब. मुख्य पॅराशूटची घडी मात्र उडी मारणारा स्वतः घालू शकतो.

झीज कुठे होते?

पॅराशूट जुने होते ते फक्त उड्यांनी नव्हे. ऊन नायलॉनला कमकुवत करते, वाळू आणि घाम कापड व पट्टे खातात. दोऱ्यांचे वागणे धाग्यानुसार बदलते. स्पेक्ट्राच्या दोऱ्या घर्षणाच्या उष्णतेने आखडतात, त्यातही सुकाणूच्या दोऱ्या जास्त. मग पॅराशूट एका बाजूला ओढू लागते किंवा उघडताना झटका देते. व्हेक्ट्रानच्या दोऱ्या आखडत नाहीत, पण झिजल्या की अचानक तुटू शकतात. पिशवी बंद ठेवणारा काही रुपयांचा दोरा विरला, तर पॅराशूट नको त्या वेळी उघडू शकते. म्हणून ‘दिसायला नवे आहे’ हा निकष नाही.

स्वतः फेरफार करता येतात का?

अमेरिकेत सिनियर रिगर घडी आणि किरकोळ दुरुस्ती करतो; मूळ रचनेत बदल करण्याचा अधिकार मास्टर रिगरला किंवा निर्मात्याला. शिवणयंत्र घरात आहे म्हणून पट्टा लांब करणे हा जिवाशी खेळ आहे. हेल्मेटवरचा कॅमेरा हासुद्धा एक फेरफारच, कारण त्यात दोरी अडकू शकते. म्हणूनच किमान २०० उड्यांपूर्वी कॅमेरा लावू नये, अशी असोसिएशनची शिफारस आहे.

आकार एवढा महत्त्वाचा का?

८० किलोच्या व्यक्तीचे साधनांसह वजन साधारण ९२ किलो, म्हणजे २०३ पौंड होते. २०० चौरस फुटांच्या पॅराशूटवर दर चौरस फुटाला सुमारे एक पौंड भार येतो. नवशिक्याला तो सोसतो. तीच व्यक्ती १३५ चौरस फुटांवर गेली की भार दीडपट होतो. पॅराशूट वेगाने उडते, चटकन वळते आणि चूक सुधारायला वेळ देत नाही. जमिनीजवळ घेतलेले एक तीव्र वळण पुरेसे ठरते. साधने जितकी सुरक्षित, तितकी माणसे अधिक जोखीम घेतात, हे निरीक्षण खुद्द बूथ यांच्याच नावे ओळखले जाते.

मग बंधन का नको?

अमेरिकी कायदा घडीची मुदत ठरवतो. कोणी किती लहान पॅराशूट घ्यावे, हे ठरवत नाही. असोसिएशन केवळ शिफारशी करते. नेदरलँड्स आणि फ्रान्समध्ये अनुभवानुसार आकाराच्या मर्यादा आहेत. उड्यांची संख्या म्हणजे कौशल्य नव्हे, हा विरोधकांचा मुद्दा खरा आहे. पण कौशल्य तपासून सवलत देता येते. मर्यादाच नसेल तर निर्णय उत्साहावर आणि स्वस्तात मिळालेल्या जुन्या साधनावर सुटतो. जिथे जीव जातात तिथेच नियम मौन पाळत असतील, तर मोठ्या पॅराशूटची सक्ती निदान पहिल्या काही शे उड्यांसाठी असावी.

मराठी हौशींनी काय पाहावे?

पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये पटायात नऊवारी नेसून मारलेली उडी अनेकांना आठवत असेल. आज हरयाणातील नारनौलपासून दुबईपर्यंत हौशी उड्या मारायला जातात. प्रशिक्षकासोबत एकदाच उडी मारणाऱ्यानेही दोन प्रश्न विचारावेत : राखीव पॅराशूट शेवटचे कधी बांधले आणि स्वयंचलित यंत्र चालू आहे का? स्वतःचे साधन घेणाऱ्याने पैसे देण्याआधी ते विक्रेत्याशी संबंध नसलेल्या रिगरकडून तपासून घ्यावे आणि आकार प्रशिक्षकाला विचारून ठरवावा. तपासणीची फी वाचवून घेतलेले पॅराशूट स्वस्त म्हणता येणार नाही.