आधी वायर बघा!

आमच्या बचत गटाची जुनी ओम्नी केजच्या पुढे बंद पडली. आत शेजारची अवघडलेली सून, जायचं अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात! जीपवाल्याने नेली म्हणून बरं. गॅरेजवाला म्हणाला, "ताई, ईसीएम गेलं, १२,००० रुपये." दुसऱ्याने स्कॅनर लावला. कोड सेन्सरचा आला, तरी त्याने सेन्सर बदलला नाही. कोड फक्त बिघाड कोणत्या सर्किटमध्ये आहे तेवढंच सांगतो म्हणे. त्या सेन्सरची अर्थिंगची वायर गंजलेली निघाली. खर्च १५० रुपये! मैत्रिणींनो, "बायकांना गाडीतलं काय कळतं" हे ऐकून गप्प का बसायचं? कोड कोणता, वायर-कनेक्टर तपासले का, हे पैसे देण्याआधी विचाराच. मी तर आता कोड हिशेबाच्या वहीतच लिहून घेते.