बोली लागते, पण बोलता येत नाही

प्रो कबड्डीचा लिलाव जवळ आला की आमच्या मोरगाव-सुपे पट्ट्यातल्या पोरांमध्ये दुसरा विषय नसतो. पुणेरी पलटण कुणाला ठेवणार, कुणाला सोडणार, कुठला नवा पोरगा संघात येणार आणि कोण किती कोटीला गेला. यातला 'गेला' हा शब्द जरा थांबून ऐका. हा शिकायला गेला किंवा नोकरीला गेला यातला 'गेला' नाही. हा 'अमुक इतक्याला गेला' यातला आहे. बाजारात बैल जातो, तसा.

यावर काही मित्रांचं म्हणणं ठरलेलं असतं. 'तुम्ही आंबेडकरवादी लोक सगळीकडे जात आणि शोषण शोधता. मॅटवर जात नसते. ज्याच्यात दम आहे तो कोट्यधीश होतो. इथे निव्वळ मेरिट चालतं.' हे म्हणणं टिंगलीवारी उडवून लावण्यासारखं नाही. जिरायती गावातला, शेतमजुराच्या घरातला पोरगा चढाईच्या जोरावर टीव्हीवर दिसतो, याचा आनंद मलाही होतो. प्रत्येक रेडरची जात विचारून संघ निवडले जातात, असंही मी म्हणत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. खेळाडूच्या अंगातला दम सगळ्यांना हवा असतो. पण त्याचं डोकं आणि त्याचा आवाज कुणाला हवा असतो?

या प्रश्नाचं पहिलं उत्तर आपल्याच पुण्यात सापडतं. पाळवणकर बाळू हे चांभार समाजात जन्मलेले गोलंदाज. पुण्यातल्या इंग्रजांच्या जिमखान्यावर महिना ४ रुपये पगारावर ते खेळपट्टी तयार करायचे आणि साहेबांना सरावासाठी तासन् तास चेंडू टाकायचे. त्यांची गोलंदाजी पाहून पुण्यातल्या हिंदू संघाने त्यांना घेतलं, पण सवर्ण खेळाडू आत चहा पीत असताना त्यांना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही मुंबईच्या मोठ्या सामन्यांमध्ये हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. ते मिळालं त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना, तेही १९२३ मध्ये, बराच वाद झाल्यावर. पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंनाच बाबासाहेबांच्या विरोधात उभं केलं आणि बाबासाहेब निवडून आले. तो राजकीय वाद वेगळा. मैदानावरचा हिशेब मात्र स्पष्ट आहे. चेंडू टाकायला अस्पृश्याचा हात चालत होता. संघाला हुकूम द्यायला त्याची जीभ चालत नव्हती.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. त्यात लांबट चेंडू हातात घेऊन पुढे सरकायचं असतं. त्या खेळात क्वार्टरबॅक नावाची जागा असते. चेंडू आधी त्याच्या हातात येतो, डाव तो चालवतो, बाकीचे त्याच्या इशाऱ्यावर पळतात. १९७० मध्ये जॉन लॉय आणि जोसेफ मॅकएल्वोग या समाजशास्त्रज्ञांनी तिथल्या बेसबॉल आणि फुटबॉल संघांमध्ये कोणत्या जागेवर कोण खेळतं, हे तपासलं. निर्णयाच्या, मधल्या जागा गोऱ्यांकडे आणि पळण्या-धडकण्याच्या कडेच्या जागा काळ्यांकडे, असं चित्र निघालं. समाजशास्त्रात याला 'स्टॅकिंग' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर वर्णव्यवस्थेची मैदानावर मांडलेली उतरंड.

वॉरन मून या काळ्या क्वार्टरबॅकचं उदाहरण घ्या. १९७८ च्या जानेवारीत कॉलेज फुटबॉलच्या मोठ्या सामन्यात तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच वर्षी व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा एकाही संघाने त्याचं नाव घेतलं नाही. तो कॅनडात गेला आणि तिथे त्याच्या संघाने सलग पाच वर्षं अजिंक्यपद मिळवलं. मग १९८४ मध्ये अमेरिकेतल्या लीगला त्याची गुणवत्ता दिसली. १९८८ मध्ये डग विल्यम्स हा सुपर बोल जिंकणारा पहिला काळा क्वार्टरबॅक झाला. सुपर बोलमध्ये दोन्ही संघांचे क्वार्टरबॅक काळे असण्यासाठी २०२३ साल उजाडावं लागलं. आता मला सांगा, १९७८ मध्ये मेरिट कमी पडलं होतं की मेरिट मोजणाऱ्यांची नजर?

आणि डोकं मान्य झालं म्हणून आवाज मान्य होतो असंही नाही. कॉलिन केपरनिक हा संघाला सुपर बोलपर्यंत नेलेला क्वार्टरबॅक. २०१६ च्या हंगामपूर्व सामन्यांत, काळ्यांवरच्या पोलिसी अत्याचाराचा निषेध म्हणून तो राष्ट्रगीताच्या वेळी उभा राहिला नाही. पुढे गुडघ्यावर बसू लागला. तो हंगाम संपल्यावर एकाही संघाने त्याच्याशी करार केला नाही.

आता परत आपल्या कबड्डीकडे येऊ. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली, १२ लाख ८० हजार. २०२३ मध्ये तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. इराणचा मोहम्मदरेझा शादलुई पाटण्याकडून खेळत होता. २०२३ मध्ये पुण्याने त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं आणि पलटणने पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. पुढच्याच वर्षी तो २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला, हरियाणा विजेता झाला. २०२५ मध्ये तो २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे गेला. संघाला अजिंक्यपद मिळवून दिलं तरी पुढच्या वर्षी कुठे राहायचं, हे ठरवण्याची मुख्य सूत्रं मालकांच्या हाती. कोटींत खेळणाऱ्याची ही गत, तर हजारांत खेळणाऱ्याचं काय?

कारण आमच्या भागातली पोरं शादलुईच्या रांगेत नाहीत. ती 'न्यू यंग प्लेअर' होण्याच्या रांगेत आहेत. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत याच वाटेने पलटणमध्ये आले आणि संघाचा कणा झाले. ही वाट खरी आहे, ती नाकारायचं कारण नाही. पण या पोरांवर लिलावात खुली बोली लागत नाही. ठरलेल्या मानधनावर, संघाने दिलेल्या करारावर सही करायची. संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू. त्यासाठी गावोगावची किती पोरं वजनी गटाच्या स्पर्धांमधून, निवड चाचण्यांमधून, सराव शिबिरांमधून घाम गाळतात, हे कुठल्याही जत्रेतल्या कबड्डीला जाऊन बघा. दहावी-बारावीचं वर्ष मैदानावर जातं. चाचणीत नाव आलं नाही की पोरगा घरी. गुडघा गेला की पोरगा कायमचा घरी. माझ्या कामात अशी पोरं भेटतात. शस्त्रक्रियेचा खर्च बापाने ऊसतोडीची उचल घेऊन केलेला असतो. ज्या स्पर्धेत गुडघा गेला तिच्या फ्लेक्सवर दहा पुढाऱ्यांचे फोटो असतात, पण खेळाडूंच्या विम्याचा पत्ता नसतो. अस्लमसारखा कर्णधारही ११ व्या हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर बसला. त्याच्यामागे संघ होता. आमच्या पोराच्या मागे कोण?

अमेरिकेतही हंगामापूर्वी छाटणी होते. सराव शिबिरात ९० खेळाडू असतात, हंगाम सुरू होताना ५३ उरतात. ती व्यवस्था क्रूरच आहे. पण तिथे १९५६ पासून खेळाडूंची युनियन आहे. किमान वेतन किती, दुखापत झाल्यावर काय, नव्या खेळाडूचा करार किती वर्षांचा, हे मालक एकटे ठरवत नाहीत, युनियनशी करार करून ठरतं. बेसबॉलमधला कर्ट फ्लड हा काळा खेळाडू १९६९ मध्ये आपल्याला न विचारता झालेली बदली नाकारून उभा राहिला. मी विकत घ्यायची-विकायची मालमत्ता नाही, ही त्याची भूमिका. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला, त्याची कारकीर्द संपली. पण त्याच दशकात बेसबॉलच्या खेळाडूंनी संघ निवडण्याचा हक्क मिळवला. एकाने किंमत मोजली आणि संघटनेने ती वसूल केली.

आपल्याकडे काय आहे? खेळाचा कारभार कुणाच्या हातात होता ते बघा. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भारतीय कबड्डी महासंघावर प्रशासक नेमला, कारण अध्यक्षपद पतीकडून पत्नीकडे गेलं होतं आणि पती तहहयात अध्यक्ष होऊन बसले होते. पिढीजात वतनं कायद्याने गेली, पण खेळाच्या संघटनांमध्ये ती राहिली. संघांचे मालक कोण, तर अदानी, जेएसडब्ल्यू यांच्यासारखे उद्योगसमूह. एका बाजूला भांडवल, दुसऱ्या बाजूला वतनदारी, आणि मध्ये १९ वर्षांचा पोरगा, हातात इंग्रजीतला करार.

बाबासाहेबांनी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. १९४३ मध्ये मजूर खात्याचे सदस्य असताना त्यांनी मालकांना कामगार संघटनेला मान्यता देणं बंधनकारक करणारं विधेयक आणलं. कारण त्यांना माहीत होतं की एकट्या कामगाराने मालकाशी केलेला 'स्वतंत्र करार' ही असमान करारावर घातलेली झूल असते. आता घाम विकणारा खेळाडू हा कामगार नाही तर कोण आहे?

म्हणून मागण्या साध्या आहेत. नव्या खेळाडूचा करार मराठीसह त्याच्या भाषेत मिळावा आणि सहीपूर्वी तो वकिलाला दाखवायला मुदत असावी. विम्याशिवाय एकाही स्पर्धेला, अगदी जत्रेतल्या वजनी गटालाही, परवानगी मिळू नये. शिबिरातून घरी पाठवलेल्या पोराच्या शिक्षणाची सोय संघाने करावी. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात खेळाडू समितीची तरतूद आहे. त्या समितीत निवृत्त ताऱ्यांसोबत आजचे खेळणारे आणि बाहेर फेकले गेलेलेही असावेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कबड्डीपटूंची स्वतःची युनियन उभी राहावी.

एक गोष्ट आपल्या पोरांनाही सांगायची आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्याने मेरिट मेलं असं कुणी ओरडत नाही, मग आमच्या आरक्षणावर का ओरडतात, हा प्रश्न चौकात विचारा. पण त्या ५ टक्क्यांनाही पदासाठीची शैक्षणिक पात्रता लागते, प्रमाणपत्रांची पडताळणी लागते. म्हणून सकाळी मैदान आणि दुपारी वर्ग, यातलं एकही सोडू नका. शिका आणि संघटित व्हा हे मॅटवर उतरणाऱ्यालाही तितकंच लागू आहे. कबड्डीत एकटा रेडर कितीही चपळ असला तरी साखळीने हात धरलेले बचावपटू त्याला पकडतात. आज मालकांची साखळी आहे आणि खेळाडू एकटा आहे. ही मांडणी उलटी करायची आहे.

जयभीम!