मराठी ऐकू येऊ द्या!

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि मराठीच्या बाईंचा तास व्हॉट्सअ‍ॅपवर आला. शाळा कधीच्याच उघडल्या, पण कितीतरी वर्गांचे ग्रुप अजून चालू आहेत. बाई गृहपाठाचा फोटो टाकतात, मुलं तो वहीत उतरवतात, वहीचा फोटो परत जातो. बाईंचा अंगठा आला की झालं मराठी!

मैत्रिणींनो, याला भाषा शिकणं म्हणायचं का? 'मन' आणि 'मण', 'कल' आणि 'कळ' वहीत बरोबर उतरवलं, तरी जिभेवर बसलंय का, हे ऐकल्याशिवाय कसं कळणार?

खरं तर याच व्हॉट्सअ‍ॅपवर २०१३ पासून आवाज पाठवायची सोय आहे. बाईंनी कविता स्वतः म्हणून पाठवावी, मुलांनी धडा वाचून पाठवावा. वर्गात सगळ्यांपुढे लाजणारी मुलगीही घरी मोकळेपणाने वाचते. चुकलं तर पुसायचं, पुन्हा म्हणायचं!

अडचण वेगळीच आहे. अनेक घरांत असा फोन एकच, तोही बाबांच्या खिशात. ते रात्री येईपर्यंत लेकरं झोपलेली. त्यातून मुलाला फोन मिळतो, मुलीला मात्र 'तुला कशाला हवा?' म्हणतात.

म्हणून शिक्षकांनी उत्तराला दोन-तीन दिवसांची मुदत द्यावी. फोन नसलेल्या मुलांचं वाचन वर्गातच ऐकावं. आणि आपण आयांनी रोज अर्धा तास फोन हक्काने मागून घ्यावा, मुलासाठी आणि मुलीसाठीही.